खानदेशातून हायड्रोजनची रेषा शोधताना या चुका टाळा

पत्र्याचा हॉर्न अँटेना, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप एवढ्यावर जळगाव-धुळ्यातल्या गच्चीवरून 21 सेंटिमीटरची रेषा, म्हणजे अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर, खरोखर पकडता येते. 1951 साली युएन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी ती पहिल्यांदा पकडली, तीही हॉर्ननेच.

सर्वांत मोठी चूक समजुतीची: हा संकेत पहिल्या ताऱ्यांच्या काळातला आहे असं मानणं. आलेखातला 1420.4 मेगाहर्ट्झजवळचा उंचवटा आपल्याच आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा असतो. पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या लहरी विश्वाच्या प्रसरणाने ताणल्या गेल्या, आता त्या साधारण 50 ते 200 मेगाहर्ट्झमध्ये येतात. त्यातच 88 ते 108 चा एफएम पट्टा, आणि वर आकाशगंगेची स्वतःची रेडिओ झळाळी हजारो पटींनी प्रखर. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, तरी त्या काळच्या संकेताची फक्त वरची मर्यादा (यापेक्षा प्रखर नाही, एवढंच) ठरवता आली. गच्चीवरून ते साधणार नाही. पण अडचण दोन्हीकडे तीच: यंत्राचं काय आणि आकाशाचं काय, हे वेगळं करणं.

एलएनए (क्षीण संकेत वाढवणारा ॲम्प्लिफायर) डोंगलजवळ लावू नका. लांब केबलमध्ये क्षीण संकेत आधीच झिजतो, म्हणून तो हॉर्नलाच जोडा. साखळी जिवंत आहे का हे बघायला हॉर्न जमिनीकडे वळवा. पातळी चढली पाहिजे. चढली नाही तर एलएनएला वीज पोचत नाही, किंवा गेन (संकेत किती पटींनी वाढवायचा ते) इतका वाढवलाय की सगळं संपृक्त झालंय. केळीच्या बागेला लागून हॉर्न खाली झुकवला, तर झाडं आणि जमीनच ऐकू येतील.

आलेखाच्या बरोबर मध्यावर टोकदार सुळका दिसला तर तो डोंगलचा. केंद्र अर्धा मेगाहर्ट्झ सरकवा. सुळका केंद्रासोबत सरकेल, हायड्रोजन जागेवर राहील.

मग एलईडी दिवे, सौरपंपाचा इन्व्हर्टर, चार्जर. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. भारनियमनाची वेळ इथे उपयोगी पडते: गावाची वीज गेली आणि उंचवटाही गेला, तर तो आकाशातला नव्हता.

मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर गेन सरकत राहतो. रात्री उशिरा मोजा. आकाशगंगेपासून दूरचा आकाशाचा तुकडा दर काही मिनिटांनी त्याच सेटिंगवर घ्या आणि मूळ आलेखाला त्याने भागा. ही पायरी गाळली की यंत्रातल्या फिल्टरचा आकारच शोध वाटू लागतो. मात्र काही महिन्यांनी तीच रेषा शंभरेक किलोहर्ट्झ सरकलेली दिसली, तर डोंगलला दोष देऊ नका. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने फिरते, त्याची दुरुस्ती करावी लागते.

2018 मध्ये एजेस या रेडिओ प्रयोगाने 78 मेगाहर्ट्झवर प्राचीन हायड्रोजनचं शोषण दिसल्याचं जाहीर केलं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सारस-3 अँटेना जलाशयावर तरंगवून मोजलं, कारण खाली पाणी असलं की जमिनीचे असमान थर त्रास देत नाहीत. 2022 च्या निष्कर्षात एजेसने सांगितलेला तो आकार आकाशात आढळला नाही. आपल्या आलेखालाही दुसऱ्या जागेची परीक्षा हवीच. गच्चीवरचा उंचवटा तोरणमाळला नेऊन पुन्हा मोजा, मगच कुणाला दाखवा.