निळा साल्व्हिया लावायचाय? तयारी दसऱ्याआधीच करा

हिवाळ्यात झेंडू, शेवंती सगळीकडे असतात. निळा रंग मात्र बागेत क्वचितच दिसतो. म्हणून निळ्या साल्व्हियाचा एक वाफा हवाच. पुण्या-नाशिककडे तो छान येतो, पण पेरल्यापासून तुरे दिसायला साधारण 3 महिने लागतात, तेव्हा सप्टेंबरातच कामाला लागा.

बियांच्या पाकिटावर ‘साल्व्हिया फॅरिनेशिया’ असं लिहिलंय ना, ते आधी बघा. ‘व्हिक्टोरिया ब्लू’ ही त्यातली सहज मिळणारी जात. नुसता साल्व्हिया मागितलात तर बहुधा लाल फुलांचा हातात पडेल.

मग जागा. दिवसाला निदान 6 तास ऊन हवं, नाहीतर झाड नुसतंच उंच वाढून लवंडतं. हे मूळचं टेक्सास-मेक्सिकोकडचं झाड, ऊन सोसेल पण मुळाशी साचलेलं पाणी नाही. त्यामुळे खरी मेहनत मातीवर घ्या: 2 भाग पोयट्याची माती, 1 भाग चांगलं कुजलेलं शेणखत, 1 भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडी भरून झाली की रोप लावायच्या आधी तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी वर तळं करून राहिलं तर वाळू वाढवा, तळाचं भोकही तपासा. खताचा मारा नको. पानं माजतात आणि फुलं रुसतात.

बी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पेरून वर अगदी पातळ थर द्या. ऑक्टोबरच्या उन्हात ट्रे विरळ सावलीत ठेवा, पाणी फवाऱ्यानेच द्या. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की फूटभर अंतरावर लावा, आणि जीव घट्ट करून शेंडा खुडा. फुटवे त्यानंतरच येतात.

फवारणीसाठी निंबोळी तेल घरात असू द्या. मावा आणि पांढरी माशी येतेच. पण तुऱ्याच्या दांड्यावर, कळ्यांच्या बुडाशी पिठासारखी पांढरी लव दिसली तर भुरी हा बुरशीचा रोग समजून फवारू नका. ती या झाडाला मुळातच असते. भुरी पानांवर दिसते आणि बोटाने पुसली जाते. तुरे उमलले की मधमाश्या दिवसभर घोंघावत असतात, तेव्हा फवारायचंच झालं तर संध्याकाळी उशिरा.

कात्रीही धार लावून ठेवा. सुकलेले तुरे कापत राहिलात तर मार्चपर्यंत फुलं मिळतील. पुढे झाड टिकवायचं असेल तर उन्हाळ्यात छाटून पावसाळ्याआधी कुंड्या पागोळीच्या आत घ्या.