ट्राउटच्या नदीवर निघताय? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की मला फोन यायला लागतात. "हिमाचलात ट्राउट गरवायला जायचंय, मे महिन्याची तिकिटं काढलीत, रॉड कोणता घेऊ?" तिकिटं आधी आणि नदीची चौकशी नंतर. सहल तिथेच बिघडलेली असते. मग रॉड कितीही भारी घेतला तरी ती सुधारत नाही.

मुलांच्या सुट्टीवरून तारखा ठरवणं

ट्राउट आपल्याकडचा मासा नाही. साहेबांनी १९०० च्या सुमारास तो काश्मीरच्या पाण्यात आणला, १९०९ मध्ये कुलूच्या बाजूला. त्याला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, म्हणजे बर्फाच्या नद्या. आणि बर्फाच्या नद्या मे-जूनमध्ये फुगतात. आपल्या शाळांना सुट्टी नेमकी तेव्हाच असते.

काही वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याहून हिमाचलात तीर्थन नदीच्या खोऱ्यात गुशैणीला गेलो. सकाळी साडेसातला पाणी गुडघ्यापर्यंत होतं, तळाचे गोटे दिसत होते. पलीकडे मोठ्या धोंड्यांमागे संथ पाणी होतं, म्हणून आम्ही दोघं ओलांडून गेलो. मासे लागत होते, त्यामुळे दुपारपर्यंत दुसरीकडे लक्षच गेलं नाही. चारला परत निघालो तेव्हा तेच पाणी मांडीच्या वर आलं होतं आणि ताकासारखं गढूळ झालं होतं. आभाळात एक ढग नव्हता! पाऊस नाही तर पूर नाही, हा आपला सह्याद्रीतला हिशोब. तिथे उन्हानेच पाणी चढतं. वर दुपारी वितळलेला बर्फ खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून नदी संध्याकाळकडे भरते आणि पहाटे ओसरते. मित्राने दोन पावलं टाकली, तिसऱ्याला त्याचे पाय सुटले. जॅकेटची कॉलर हाताला लागली म्हणून तो वाचला. मग अंधार पडेपर्यंत काट्यांतून, काठाकाठाने चालत आम्ही लाकडी पूल गाठला. पलीकडे उरलेले दोघं टॉर्च घेऊन हाका मारत होते. त्या हाका मला अजून आठवतात.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. काठावर पोचलो की पाण्याच्या रेषेला लागून एक पांढरा दगड ठेवतो आणि दर अर्ध्या तासाने त्याच्याकडे बघतो. दगड बुडायला लागला की जिकडे परतीची वाट आहे त्या काठावर यायचं, मासा लागलेला असला तरी दोरी तोडून यायचं. मे-जूनमध्ये सकाळी दहानंतर मी नदी ओलांडतच नाही.

धरणाखाली दगडाचाही भरवसा नाही. तीर्थन लारजीजवळ बियासला मिळते. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात, खाली थलौटजवळ, हैदराबादचे अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या पट्ट्यात मी पाण्यात उतरत नाही आणि बरोबरच्या कुणालाही उतरू देत नाही.

मग जायचं कधी? तीर्थनला मार्च-एप्रिल, नाहीतर पाऊस संपल्यावर सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा हिमाचलात ट्राउटला बंदी असते आणि ती असायलाच हवी. काश्मीरचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. तिथल्या लिद्दर नदीत कोलहोई हिमनदीचं पाणी येतं, त्यामुळे मी तिथे सप्टेंबरशिवाय जात नाही. विशनसर, किशनसर, गंगाबल ही तळी साडेतीन हजार मीटरच्या वर आहेत. जुलैआधी तिथल्या वाटांवर बर्फ असतो. सोनमर्गला दोन रात्री काढल्याशिवाय वर चढू नका. तळी आणि नदी दोन्ही एका आठवड्यात कोंबणारे लोक दोन्हीकडे फक्त दमतात.

फेकायला नदीवर जाऊन शिकू, असं म्हणणं

कोकणात गरवायची सवय असलेल्यांची इथे जास्त फसगत होते. गरीला शिसं असतं, तेच दोरीला ओढून नेतं. ट्राउट गरवतात ती फ्लायने. फ्लाय म्हणजे किड्यासारखी दिसतील अशी आकड्यावर बांधलेली पिसं आणि धागा, तिला वजन जवळजवळ नसतंच. इथे जाड दोरीचं वजन फेकायचं असतं आणि फ्लाय तिच्यामागून जाते. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. अधीर माणसाला तेवढा क्षणभर थांबणं जमत नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका तरुणाने नवा कोरा नऊ फुटी रॉड नदीवरच पिशवीतून काढला आणि पहिल्या सकाळी अकरा फ्लाय मागच्या झाडांत अडकवल्या. तिसऱ्या दिवशी तो गांडुळं शोधत होता. मला ते बघवलं नाही. परवान्यावर काय चालतं, काय नाही, ते लिहिलेलं असतं. ते पाळायचं नसेल तर त्या नदीवर जाऊ नये.

जाण्याआधी महिनाभर रोज वीस मिनिटं मैदानात जा. आकड्याच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा आणि सहा मीटरवर वर्तमानपत्राचा कागद ठेवा. दहापैकी सात वेळा लोकर कागदावर पडली की तयारी झाली. लांब फेकायचा हट्ट नको. या नद्यांत मासा धोंड्यामागे, तुमच्यापासून पाच-सहा मीटरवरच, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. खालून वर, त्याच्या पाठीमागून जा. पाण्यात धबाधबा चालत गेलात की तो तुमच्या आधी निघून जातो.

परवाना तिथे गेल्यावर बघू

काश्मीरमध्ये नदीचे बीट, म्हणजे गरवायचे ठरावीक पट्टे, पाडलेले आहेत आणि परवाना ठरावीक बीटचा, ठरावीक दिवसाचा मिळतो. आधी मत्स्य विभागाकडून बीट नक्की करा, मग विमान आणि हॉटेल. मी उलटं करत होतो तेव्हा दोन दिवस पहलगाममध्ये नुसता बसून काढले आहेत.

बाकीच्या

चार तुकड्यांत मोडणारा रॉडच घ्या, लांब नळकांडं घेऊन विमानतळावर वाद घालावा लागत नाही.

गमबूट नकोत. पाणी आत शिरलं की पाय उचलत नाही. घट्ट लेसचे बूट आणि हातात काठी.

पन्नास प्रकारच्या फ्लाय विकत घेऊ नका. वजन घातलेल्या निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लाय, १२ ते १६ नंबरच्या, आणि थोड्या तरंगणाऱ्या, एवढ्यावर माझे हंगाम गेले आहेत.

आकड्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. सोडलेला मासा जगतो, आणि आकडा स्वतःच्या बोटात गेला तर सहज निघतो. वरच्या तळ्यांपासून डॉक्टर दोन दिवसांच्या चालीवर असतो.

आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गटात एकाकडे तरी पोस्टपेड हवं, आणि ते गटापासून लांब एकट्याने गरवायला जाणाऱ्याच्या खिशात हवं.