माशाच्या आतड्यांतून एन्झाइम काढायचंय? दोन थरांची पद्धत

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात रोहू-कटला साफ करून घेतला की आतडी थेट कचऱ्यात जातात. मागितली तर विक्रेता फुकट देतो, फक्त जरा चमकून बघतो. आणताना बर्फात घालूनच आणा. नाहीतर त्यातली एन्झाइम वाटेतच आतडी पचवू लागतात. या माशांना जठरच नसतं, त्यामुळे पेप्सिन विसरा. मिळेल ते ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन. ही सगळी प्रथिनं पचवणारी एन्झाइम.

पित्ताची पिशवी न फोडता काढून टाका. 50 ग्रॅम आतडी धुऊन चिरा आणि 150 मिली थंडगार ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण; 50 मिलिमोलर, पीएच 8) मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर ते तापतं. मग 4 अंशांना, 10,000 जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या 10,000 पट जोराने) 20 मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरची चरबी काढा, खालचा गाळ सोडा, मधलं पाणी घ्या. हा कच्चा अर्क.

आता हा अर्क शुद्ध करायला पीईजी 4000 (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि अमोनियम सल्फेट हे मीठ. पहिलं मलमांत असतं, दुसरं शेतात खत म्हणून जातं. इथे मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या. दोन्ही पाण्यात सहज विरघळतात, पण पुरेशी झाली की एका पाण्यात नांदत नाहीत: वर पीईजीचा थर, खाली मिठाचा. दोन्हींत बहुतेक पाणीच असल्यामुळे एन्झाइमला सेंद्रिय द्रावकाचा त्रास होत नाही. स्वीडनच्या पेर-ओके अल्बर्टसन यांनी 1950च्या दशकात ही पद्धत रुजवली.

नळीत 5 ग्रॅम पाणी, त्यात 1.5 ग्रॅम अमोनियम सल्फेट, 1.5 ग्रॅम पीईजी. विरघळल्यावर शेवटी 2 ग्रॅम अर्क. नळी हलक्या हाताने उलटसुलट करा, घुसळू नका. फेसात प्रथिनं बिघडतात. 2,000 जीवर 10 मिनिटं फिरवली की दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते. रेघेवर पांढरा पापुद्रा दिसला तर ते साकळलेलं प्रथिन, त्याला पिपेट लावू नका. ट्रिप्सिन टिकावं म्हणून बफरमध्ये कॅल्शियम घालायचा मोह होतो, पण सल्फेटबरोबर त्याचं जिप्सम होऊन नळी गढूळ होऊ शकते.

एन्झाइम बहुधा वरच्या थरात जातं. तरी दोन्ही थर तपासा: साय काढलेल्या दुधाच्या अगार प्लेटमध्ये (जेलीसारखा थर असलेली बशी) भोकं पाडून थेंब टाका, जिथे पारदर्शक वर्तुळ मोठं तिथे एन्झाइम जास्त. एकूण प्रथिन मोजताना पीईजी आणि मीठ दोन्ही आकडे बिघडवतात. पहिल्या खेपेला आम्ही तुलनेसाठी कोरी नळी ठेवलीच नाही आणि शुद्धता मोजण्याचा सगळा दिवस वाया गेला. अर्काऐवजी बफर घालून तशीच एक नळी करा आणि तिच्या त्याच थराचा आकडा वजा करा.

मग वरचा थर वेगळा काढून त्यात ताजं मीठद्रावण घाला आणि पीएच थोडा थोडा बदलत एन्झाइम खाली उतरतं का पाहा. उतरलं की डायलिसिसने (बारीक छिद्रांच्या पडद्यातून) मीठ काढा आणि छोटे छोटे भाग करून उणे 20 अंशांना ठेवा. हातमोजे घाला, हे एन्झाइम त्वचेचं प्रथिनही सोडत नाही.