गाळाच्या मण्यांतून ग्लुकोज किती वेगाने शिरतं?

डिस्टिलरीच्या डायजेस्टरमधला, म्हणजे सांडपाणी कुजवणाऱ्या टाकीतला, विनावायू गाळ (हवेविना जगणाऱ्या जिवाणूंचा) आगरच्या जेलच्या मण्यांत बसवून मी ग्लुकोजचा विसरण गुणांक, म्हणजे ते किती वेगाने पसरतं याचं माप, मोजत होतो. मणी ग्लुकोजच्या द्रावणात टाकायचे, बाहेरची तीव्रता घटते ती दर काही मिनिटांनी नोंदवून आलेख काढायचा, एवढंच काम. पण उत्तर साध्या पाण्यातल्या गुणांकापेक्षाही मोठं यायचं. २५ अंशांना पाण्यात तो सुमारे ६.७ × १०⁻¹⁰ चौ.मी. प्रति सेकंद असतो. जेलमध्ये तो त्याहून कमीच हवा.

दोन आठवडे गणितच तपासत बसलो. मग एका संध्याकाळी दिसलं, तळाचे काही मणी वर तरंगत होते, अंगाला बारीक बुडबुडे. जिवाणू ग्लुकोज खात होते! म्हणूनच बाहेरची तीव्रता घटतच राहायची, आलेख सपाट होत नव्हता आणि गुणांक फुगत होता.

उकळून गाळ मारला तर त्याची रचना बिघडते, ते मला नको होतं. म्हणून प्रयोग ४ अंशांवर नेला, म्हणजे थंडीत जिवाणूंचं खाणं जवळजवळ थांबेल; तुलनेला पाण्यातला गुणांकही त्याच तापमानाचा घेतला. जोडीला लिथियम क्लोराइडचंही विसरण मोजलं, कारण लिथियम कुणी खात नाही आणि फ्लेम फोटोमीटरवर सहज मोजता येतं. मण्यांभोवतीच्या पाण्याच्या स्थिर थराचा अडथळा मोजमापात येऊ नये म्हणून ढवळण्याचा वेग आलेख बदलेनासा होईपर्यंत वाढवला.

आता आलेख सपाट होतो आणि गुणांक पाण्याच्या खाली येतो.