एक्सएसएलटी वापरून एक्सएमएलमधल्या टॅगचं नाव बदलणं आणि नवीन टॅग घालणं

एक्सएमएलमधल्या टॅगचं नाव बदलायचं म्हटलं की आधी हात जातो फाइंड-रिप्लेसकडे. माझाही गेला होता. <नाव> चं <पूर्णनाव> करायचं होतं, म्हटलं दोन सेकंदाचं काम, रिप्लेस ऑल मारलं आणि <आडनाव> चं झालं <आडपूर्णनाव>, वर शेऱ्यात जिथं जिथं नाव हा शब्द होता तिथंही तोच घोळ. मग कंसासकट शोधलं तर अ‍ॅट्रिब्यूटवाले (टॅगच्या कंसातच भाषा="मराठी" अशी जादा माहिती असलेले) टॅग सुटले. एडिटरला फाइल म्हणजे नुसती अक्षरं, एक्सएसएलटीला (एक्सएमएल फाइलचं रूप बदलायची भाषा) त्याच फाइलमध्ये टॅगच्या आत टॅग असं झाड दिसतं, त्यामुळे हे काम त्यालाच द्यावं.

समजा फाइल अशी आहे (एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत चालतात):

<ग्राहक क्र="7">
  <नाव भाषा="मराठी">अबक</नाव>
  <आडनाव>कखग</आडनाव>
  <शेरा>नाव तपासून घ्या</शेरा>
</ग्राहक>

एक्सएसएलटीच्या सूचना मी खाली उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना मूळ स्पेलिंगच टाका.

टेम्प्लेट म्हणजे एक नियम, मॅचमध्ये तो कशाला लागू ते आणि आत काय करायचं ते. हे नियम ज्या फाइलमध्ये लिहायचे ती स्टाइलशीट. सगळ्यात आधी आयडेंटिटी टेम्प्लेट. मॅचमध्ये @*|नोड() (सगळे अ‍ॅट्रिब्यूट आणि झाडातले बाकीचे नोड, म्हणजे टॅग, मजकूर वगैरे) लिहायचं, आत कॉपी, आणि कॉपीच्या आत अप्लाय-टेम्प्लेट्स, त्याच्या सिलेक्टमध्ये परत तेच @*|नोड(). बस एवढंच, आणि याचं काम म्हणजे जे समोर येईल ते जसंच्या तसं पुढे ढकलणं. हे नसेल तर प्रोसेसर (स्टाइलशीट चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःचे डिफॉल्ट नियम लावतो, टॅग सगळे गायब आणि हातात नुसता मजकूर. 3.0 व्हर्जन वापरत असाल तर मोड या सूचनेत ऑन-नो-मॅचला शॅलो-कॉपी दिलं की हा टेम्प्लेट लिहावाच लागत नाही.

आता नाव बदलणं. दुसरा टेम्प्लेट, मॅच नाव, आत सरळ <पूर्णनाव> टॅग लिहा आणि त्याच्या पोटात अप्लाय-टेम्प्लेट्स. इथे बरेच जण सिलेक्ट लिहीतच नाहीत, मग काय होतं तर फक्त मुलं (आतले टॅग आणि मजकूर) प्रोसेस होतात, अ‍ॅट्रिब्यूट नाही, म्हणजे भाषा="मराठी" चुपचाप उडतं आणि एरर पण येत नाही! म्हणून सिलेक्टमध्ये @*|नोड() पाहिजेच. व्हॅल्यू-ऑफ (नुसता मजकूर काढून देणारी सूचना) तर इथे नकोच, आतले टॅग सपाट होऊन जातात. अ‍ॅट्रिब्यूटचं नाव बदलायचं असेल तर मॅच @क्र, आत अ‍ॅट्रिब्यूट ही सूचना नवीन नावासकट आणि तिच्या आत व्हॅल्यू-ऑफ, सिलेक्टला टिंब (म्हणजे चालू नोड). तिथं ते बरोबर आहे.

दोन टेम्प्लेट एकाच नोडला लागू पडले तर कोण जिंकतं? फाइलमध्ये कोण वर कोण खाली याच्यावर ते ठरत नाही, प्रायॉरिटीवर ठरतं. @* आणि नोड() ची -0.5, साध्या नावाची 0, चौकोनी कंसात अट असेल तर 0.5. जो नेमका तो वरचढ.

नवीन टॅग घालायचा तर आईबापाला पकडायचं. मॅच ग्राहक, आत कॉपी, त्यात आधी अप्लाय-टेम्प्लेट्स @*, मग अप्लाय-टेम्प्लेट्स नोड(), मग तुमचा <ईमेल/>. सुरुवातीला हवा तर तो या दोघांच्या मध्ये टाका, पण @* च्या आधी नको, कारण एकदा मूल घातलं की त्यानंतर अ‍ॅट्रिब्यूट लावता येत नाही. ठरावीक टॅगच्या मागोमाग हवा असेल, समजा आडनावच्या, तर मॅच आडनाव, नेहमीची कॉपी, आणि कॉपी बंद झाल्यावर नवीन टॅग. आणि काही रेकॉर्डमध्ये ईमेल आधीच असेल तर मॅच ग्राहक[नॉट(ईमेल)] करा, म्हणजे स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तरी डबल होत नाही.

सगळं बरोबर लिहून काहीच बदलत नसेल तर डोकं आपटायच्या आधी रूट टॅग बघा, तिथं एक्सएमएलएनएस (नेमस्पेस, म्हणजे टॅग कुठल्या गटातले हे सांगणारा पत्ता) आहे का. डिफॉल्ट नेमस्पेस असेल तर नुसतं नाव मॅच होत नाही, स्टाइलशीटमध्ये त्याच पत्त्याला एक प्रीफिक्स द्या, समजा ग, आणि मॅचमध्ये ग:नाव लिहा. नवीन टॅगही त्याच नेमस्पेसमध्ये ठेवा, नाहीतर आउटपुटमध्ये रिकामं एक्सएमएलएनएस="" चिकटलेलं दिसेल.

चालवायला एक्सएसएलटीप्रॉक हा कमांड लाइनवरचा प्रोसेसर पुरतो, आधी स्टाइलशीट मग एक्सएमएल, पण त्याला फक्त 1.0 समजतं, 3.0 साठी सॅक्सनसारखा प्रोसेसर लागतो. माझी सवय अशी की पहिल्यांदा नुसता आयडेंटिटी टेम्प्लेट चालवतो आणि मूळ फाइलशी डिफ (दोन फाइलींतला फरक) बघतो. सीडेटा सेक्शन (जसाच्या तसा वाचायचा म्हणून खूण केलेला मजकूर) साधा मजकूर झालेला, सिंगल कोटचे डबल झालेले, हे सगळं तिथंच दिसून जातं. मग खरे टेम्प्लेट घालून परत चालवायचं आणि या पहिल्या आउटपुटशी डिफ करायचा, त्यात ज्या ओळी दिसतील त्या फक्त आपल्या बदलांच्या.