उन्हाळ्यात युरोपला जायचंय? शेंगेन व्हिसाचं आत्ताच बघा

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर गेलं की सगळ्यांना एकदम युरोप आठवतो, आणि तेव्हा अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी करायचा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. ‘अमुक देश लवकर देतो’ म्हणून एजंट भलत्याच देशाचा अर्ज भरायला सांगतात. त्यांचं ऐकू नका, हॉटेलच्या बुकिंगवरून ते लगेच उघडं पडतं.

खरी गोम बँक स्टेटमेंटमध्ये असते. खात्यात एरवी चाळीस हजार आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक पाच लाख, हे बघणाऱ्याला खटकणारच. एफडी मोडून पैसे टाकले असतील किंवा मुलाने पाठवले असतील, तर त्याची पावती आणि दोन ओळींचं पत्र सोबत लावा. पेन्शनरांनी पेन्शनचे कागदही जोडावेत.

विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरून हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा, १० वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला लागतो.

आणि हो, व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.