एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

एसीचा गारवा कमी झाला की पहिला संशय गॅसवर जातो: ‘संपला असेल.’ गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्येच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता गॅस भरला तर तक्रार परत येणारच. शिवाय दोष बऱ्याचदा गॅसचा नसून अडलेल्या हवेचा असतो, म्हणून तपासणी हवेपासूनच सुरू करावी.

आधी रिमोट पाहा. कूल मोड हवा. ड्राय किंवा फॅन मोडवर राहिलेला एसी बिघडल्यासारखाच वाटतो.

मग मेन स्विच बंद करून पुढचं झाकण उचला आणि जाळ्या काढा. साध्या पाण्याची धार मागच्या बाजूने सोडा, म्हणजे धूळ आली तशी बाहेर पडते. उन्हात नको, सावलीत पूर्ण वाळवून बसवा. रोजच्या वापरात हे दर दोन आठवड्यांनी करावं. बाहेरच्या युनिटची कॉइल, म्हणजे गॅसच्या नळ्या आणि त्यांवरच्या पातळ पत्र्या, हीही धुवा, पण जोरदार प्रेशर नको. पत्र्या वाकल्या की हवा पुन्हा अडते.

आता सेटिंग सर्वांत कमी तापमानावर आणि पंखा पूर्ण वेगात ठेवून २० मिनिटं चालवा. आत खेचली जाणारी आणि बाहेर येणारी हवा थर्मामीटरने मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक मिळाला तर यंत्रणा ठीक आहे. फार दमट हवेत फरक थोडा कमी येतो, तो दोष समजू नका.

आतल्या कॉइलवर बर्फ धरत असेल तर त्याचं कारण समजून घेणं महत्त्वाचं आहे. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की तिचं तापमान शून्याखाली उतरतं आणि दव गोठतं. तो बर्फ उरलेली हवाही अडवतो. कूलिंग बंद करून दोन-तीन तास फक्त पंखा चालवा. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, नळीला भोक पडेल. जाळी, कॉइल आणि ब्लोअर (आतला पंखा) स्वच्छ असूनही बर्फ परत धरला, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. नळ्यांच्या जोडावर, फ्लेअर नटपाशी, तेलकट डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे.

आतल्या युनिटमधून पाणी ठिबकतंय? बहुतेक वेळा ड्रेन पाइप शेवाळाने तुंबलेला असतो, मध्येच वर उचललेला असतो किंवा त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. बाहेरच्या टोकाकडून ओला कचरा खेचणाऱ्या व्हॅक्यूमने ओढून काढा. फुंकू नका, घाण उलटी ट्रेमध्ये जाते. नंतर ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी हळूहळू सोडून ते बाहेर येतंय का पाहा.

बाहेरचं युनिट नुसतं घुमतंय आणि पंखा फिरत नाही, असं साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत झालं तर कपॅसिटरवर, म्हणजे मोटार सुरू व्हायला मदत करणाऱ्या सुट्या भागावर, संशय घ्यावा. त्यावर ३५ मायक्रोफॅरड, ±५ टक्के असं लिहिलं असेल, तर ३३.२५ च्या खालचं माप म्हणजे तो बदलायचा. त्याचा वरचा भाग फुगला असेल तर मोजण्याचीही गरज नाही. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज उरतो, म्हणून हे काम जाणकाराचं. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या बोर्डावर तर ३०० व्होल्टपेक्षा जास्त डीसी असू शकतो. तिथे एरर कोड लिहून घ्या आणि झाकण उघडू नका.

एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) एसी लावताच क्षणात पडत असेल तर शॉर्ट सर्किट किंवा अर्थिंगचा दोष. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर तुंबलेली बाहेरची कॉइल, सैल जोड किंवा थकलेली एमसीबी. मोठ्या अँपिअरची एमसीबी बसवणं हा उपाय नाही. वायर तापून पेट घेऊ शकते.

एसी बंद केल्यावर लगेच चालू करू नका. नळ्यांमधल्या गॅसचा दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात.

गॅस खरंच कमी निघाला तर मेकॅनिककडून हा क्रम पाळून घ्या: नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाचा फेस लावून गळती शोधणं, जोड दुरुस्त करणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करणं आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर तोलून गॅस भरणं. आर-३२ गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे. तो नळ्यांमध्ये असताना ब्रेझिंगची, म्हणजे नळ्या तापवून जोडण्याची, ज्योत पेटवू देऊ नका.